लिंबाचं लोणचं, झाडासकट

नर्सरीत मी गेले होते मोगरा आणायला आणि घेऊन आले कागदी लिंबू, ही गोष्ट आमच्या घरात आता सगळ्यांची पाठ झालीय. नर्सरीवाला म्हणाला, ‘ताई, ये ले जाओ, गच्ची पे मस्त चलता है’, अन् मी भुलले. काळ्या पॉलिथिनच्या पिशवीत दीड-दोन फुटांचं झाड, पानं अशी चकचकीत की तेल लावून ठेवल्यासारखी, एक पान चुरडून वास घेतला आणि संपलंच, मोगऱ्याचं नावही निघालं नाही तोंडातून.

आता नागपुरात एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता गच्चीवर उभं राहून झाडाची कुंडी बदलायची नसते हे कुणालाही कळेल. मला नाही कळलं. कुंडी आणली होती, शेणखत आणलं होतं, समोरच्या प्लॉटवर पायव्याचं खोदकाम सुरू होतं तिथून दोन घमेली काळी माती पण मागून आणली होती (काळी माती म्हणजे सोनं, असं लहानपणापासून ऐकलेलं), मग थांबायचं कायले? पिशवी कापली, आतला लाल मातीचा गोळा अगदी घट्ट होता, तर मला वाटलं बिचारी मुळं गुदमरली असतील, म्हणून मी तो गोळा हातानं फोडला, झटकला आणि वर नळाखाली धुतलासुद्धा. एवढी अंघोळ मी लेकाला पण कधी घातली नसेल.

तिसऱ्या दिवशी पानं वळायला लागली. कडा वर येऊन पन्हाळीसारखी. आठवड्यात वरची कोवळी पानं पिवळट झाली, अन् पंधरा दिवसांत टोकं अशी करपली की जणू कुणी अगरबत्ती लावून गेलं.

आजारी माणसाला भेटायला येणारे आणि आजारी झाड बघायला येणारे यात काही फरक नसतो हे मला तेव्हा समजलं. प्रत्येकाकडे औषध तयार. खालच्या काकू जिन्यातूनच म्हणाल्या, ‘नजर लागली असंन, इतकं हिरवंगार होतं न माय’. सासूबाईंनी ताक घालायला सांगितलं. नवऱ्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि एप्सम सॉल्ट मागवायला निघाला. धुणंभांडी करायला येते ती म्हणाली अंड्याची टरफलं टाका, आणि ऑफिसातल्या एकीने उरलेली चहापत्ती सांगितली, ती मी न धुता टाकली तर दुसऱ्या दिवशी मुंग्यांची बारात. सगळ्यांचं मिळून एकच म्हणणं होतं, काहीतरी घाल. काही घालू नकोस असं एकही जण म्हणाला नाही, आणि मी तर दिवसातून दोनदा पाणी घालून राहिले होते, कारण पानं मलूल दिसली की हात आपोआप बादलीकडे जातो.

शेवटी काटोलच्या मामांना फोन लावला. मामेसासरे आहेत, संत्र्याची बाग आहे, आणि ते फोनवर उत्तर देत नाहीत, उलट प्रश्नच विचारतात. ‘पिवळी कोणती पडून राहिली, नवी का जुनी?’ नवी. ‘शिरा हिरव्या हायेत का?’ मी गच्चीवर पळत गेले, बघितलं, हो, शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. ‘पानावर चांदीसारखी वाकडीतिकडी रेघ हाये का?’ नाही. ‘मंग नागअळी नाही. आता मातीत बोट घाल.’ बोट घातलं तर वर कोरडं खडक आणि दोन पेरं खाली नुसता चिखल. मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘पोरी, तू त्याले बुडवून राहिली.’

मग त्यांनी नीट सांगितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की झाड पाणी पितं ते जाड मुळांनी नाही, टोकाकडच्या केसांसारख्या बारीक तंतूंनी, आणि तेच मी नळाखाली धुऊन टाकले होते. वर 43 डिग्रीत पानांतून पाणी उडतंय, खालून येत नाही, मग पान बिचारं अंग आकसून घेतं, म्हणजे ते वळणं हा रोग नव्हताच, ती त्याची छत्री होती. त्यात आपली काळी माती. शेतात सोनं असेल, कुंडीत ती भिजली की फुगून चिकट गच्च होते आणि वाळली की दगड होऊन कुंडीच्या कडेनं फट पडते, पाणी त्या फटीतून सरळ खाली. खाली भोकावर माती बसलेली, म्हणून तळाशी डबकं, मुळांना हवा नाही. आणि गंमत अशी की हवा न मिळालेल्या मुळांनासुद्धा पाणी ओढता येत नाही, त्यामुळे तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून अगदी सारखंच दिसतं. नवी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी, मातीत नसतं असं नाही, आपल्यासारख्या चुनखडीच्या मातीत ते अडकून पडतं, झाडाला उचलता येत नाही. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र. मामा म्हणाले आम्ही तर मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, मे महिन्यात झाडाले मुद्दाम ताण देतो, पाणी तोडतो, पानं गळली तरी पाहात बसतो, तुमच्या शहरात कुणाच्यानं पाहवत नाही.

तर पाणी कमी केलं, भोकं मोकळी केली, कुंडी पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत सरकवली, वरून हिरवी जाळी. वळलेली पानं थोडी सैल झाली. पण टोकं करपायची थांबेनात. मामांना परत विचारलं तर तेही अडले, असं आमच्या बागेत नाही होत म्हणाले.

आणि कसं होईल, त्यांच्या बागेत कूलर नाही.

हे मला कळलं कूलर धुताना. उन्हाळ्यात नागपूरच्या घरात देवघरानंतर मान कूलरलाच, खिडकीतल्या त्या पत्र्याच्या पेटीशिवाय इथे मे महिना निघत नाही. 2024 च्या मे अखेरीस एका ऑटोमॅटिक यंत्राने नागपुरात 56 डिग्री दाखवले, मागाहून कळलं की सेन्सरच बिघडला होता, पण तो आकडा दोन दिवस फोनवर फिरत होता आणि आमच्या गल्लीत कुणालाही तो खोटा वाटला नव्हता. तर दर रविवारी टाकीतलं जुनं पाणी काढायचं, आणि ते फेकवत नाही ना! पाण्याला वाळ्याचा मंद वास, हाताला थंडगार. मी मोठ्या कौतुकाने ते बादलीत भरून गच्चीवर न्यायची. लिंबाला दोन मग जास्त, आजारी म्हणून.

त्या रविवारी पंप काढून घासत होते. पंपावर पांढरा थर, गवताच्या जाळीवर पांढरा थर, नखानं खरवडला तर मिठासारखा. आणि असाच थर मी सकाळी कुठे बघितला? कुंडीच्या काठावर. मी तो शेणखताची बुरशी समजून सोडून दिला होता. मग उजेड पडला. कूलरमध्ये आम्ही बोअरचं पाणी भरतो, ते आधीच जड, डाळ शिजत नाही त्यात. दिवसाला तीन-चार बादल्या पाणी हवेत उडून जातं आणि त्यातला क्षार उडत नाही, तो टाकीतच राहतो, वरून आपण रोज नवीन क्षारवालं पाणी टाकतो. आठवडाभरानंतर तळाला जे उरतं ते पाणी नसतंच, तो आटवलेला अर्क असतो. क्षार मातीत वाढला की ओल असूनही मूळ ती ओढू शकत नाही. लिंबाच्या फोडींना मीठ लावलं की बरणीत पाणी सुटतं ना, तेच. मी कुंडीत जिवंत झाडाचं लोणचं घालत होते, आणि रोज येऊन बघत पण होते की मुरलं का.

मग एका संध्याकाळी पेंच धरणातून नळाला येणारं पाणी हळूहळू घातलं, खालून वाहू दिलं, पुन्हा घातलं, असं चार-पाच बादल्या. माती धुतली म्हणा. ताक, सॉल्ट, टरफलं सगळं बंद. पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, ती होत नसतातच, एकेक करून गळली, आणि नवतपाचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस तिथे एक काडी उभी होती आणि सासूबाई येता-जाता म्हणायच्या, उपट ते. जूनच्या पहिल्या पावसानंतर काडीला तांदळाएवढे तीन फुटवे आले. मी फोटो मामांना पाठवला, त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

आता रविवारी कूलरचं पाणी मी मोरीत सोडते आणि दर वेळी जीव तुटतो. परवा काकूंनी ते बघितलं. ‘अवं, फेकून कायले राहिली, माझ्या मोगऱ्याले दे न!’ मी त्यांना क्षार, मुळं, लोणचं, सगळं दहा मिनिटं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन बादल्या भरून नेल्या. म्हणाल्या चार वर्षं झाली, आमच्या कूलरचं त्यालेच टाकतो. त्यांचा मोगरा अंगणात जमिनीत आहे, पावसाळ्यात सगळा क्षार धुऊन खाली जात असेल, कुंडीसारखा अडकत नसेल, हे मला कळतं. पण त्या मोगऱ्याला सध्या इतकी फुलं आहेत की संध्याकाळी वास आमच्या गच्चीपर्यंत येतो, माझ्या तीन पानांच्या लिंबाजवळ.