पाऊस कुठल्या महिन्यातला?

नाशिक, आषाढ

कथेतला निसर्ग बहुतेक वेळा एकाच कारणानं खोटा पडतो. त्याला महिना नसतो. ‘अवकाळी पावसानं बाग गेली’ एवढं लिहून निफाडच्या द्राक्षपट्ट्यातल्या वाचकाला काहीच कळत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर, नोव्हेंबरात घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर डावणी हा बुरशीचा रोग येतो, घडांची कूज आणि गळ सुरू होते. ती कथा धावपळीची. जरा उघडीप मिळाली की रात्री-अपरात्री फवारणीचा ब्लोअर जोडायचा, औषध उधारीवर आणायचं, चिखलात ट्रॅक्टर रुतला तर ओढून काढायचा. तोच पाऊस फेब्रुवारीत आला, तर साखर भरलेले मणी पाणी ओढतात आणि तडकतात. तडकलेला मणी कुठल्याही फवारणीनं सांधत नाही. बागाईतदार व्यापाऱ्याच्या फोनची वाट बघत बसतो आणि ठरलेला भाव उतरतो. ही कथा ताटकळण्याची. लेखकानं महिना ठरवला नाही, तर पात्रानं उठून काय करायचं हेच त्याला ठाऊक नसतं.

संस्कृतीचंही तसंच. सण आला की कथेत रंग, गर्दी, ढोल येतात आणि कथानक थांबून राहतं. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. एरवी बुजवून ठेवलेले पेशवेकालीन हौद रंगानं भरतात आणि लोक धप्पा मारतात. हे वर्णन करायला सोपं आहे. पण फाल्गुन वद्य पंचमी म्हणजे साधारण मार्च. तेव्हा द्राक्षाची खुडणी चालू असते, उन्हाळ कांदा काढणीला येत असतो, पेठ-सुरगाण्याकडचे मजूर बागांमध्ये असतात. रहाडीत उडी मारायला त्या दिवशी कोणाला मोकळीक आहे आणि कोण क्रेट भरतंय, तिथे मला कथा दिसते.

पुराच्या कथेत नदी नेहमी ‘रौद्र’ असते. मला हा शब्द नकोसा झालाय. गोदाघाटावर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, अशीच बातमी घरोघर जाते. दुसरीकडे गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सोडला, तो आकडा मोबाईलवर येतो. घाटावरचा दुकानदार सामान कधी हलवतो? आकडा वाचून, की मारुती बघून? सासरा एकावर विसंबतो आणि सून दुसऱ्यावर, एवढ्यावर दोन पानांचा संवाद उभा राहील. १९६९ च्या महापुराची आठवण असलेलं म्हातारं माणूस मध्ये आणलं, तर तिसरं मापही मिळतं.

सुरगाण्याच्या डोंगरातला धूर कथांमध्ये हमखास वणव्याचा होतो. पावसाआधीच्या दिवसांत तो राबाचाही, म्हणजे रोपं टाकायची जमीन भाजण्याचाही असू शकतो. शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर. मातीमुळे राब भडकत नाही, धुमसत राहतो. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, मग त्यात नागलीचं किंवा भाताचं रोप टाकतात. फांद्या कोणाच्या झाडाच्या तोडल्या, हा प्रश्न गावात भांडणापर्यंत जातो.

खर्डा लिहिण्याआधी कागदावर तिथी, इंग्रजी महिना, पिकाची अवस्था आणि त्या आठवड्यात घरात पैसा आहे की नाही, एवढं लिहून काढावं. नंतर वर्णनाचा एकेक परिच्छेद झाकून कथा वाचावी. झाकल्यानं कोणाचाही निर्णय बदलत नसेल, तर सूर्यास्त कितीही साधलेला असला तरी काढावा.