अंगठ्याचं नख

रविवार, रात्रीचे सव्वादहा

आज अण्णांची नखं कापली. शनिवारी ते कापू देत नाहीत, दिवेलागणीनंतर तर विषयच काढायचा नाही, म्हणून रविवारी सकाळी अंघोळ झाल्या झाल्या. तेव्हा नखं मऊ असतात. गॅलरीत खुर्ची, मांडीवर कालचा पेपर. झटका आल्यापासून डावा हात साथ देत नाही, त्यामुळे उजव्या हाताची नखं त्यांना स्वतःला कापता येत नाहीत आणि मी कापलेली आवडत नाहीत. जरा जोर लागला की, "अरे, माणूस आहे मी, खुंटी नव्हे!" नऊ बोटं झाली. उजव्या अंगठ्याशी आलो तसा हात मागे.

"तेवढं राहू दे."

ते नख त्यांनी दुकान होतं तोवर कायम राखलं. मनगटी घड्याळाचं मागचं झाकण उघडायला अण्णांना चाकू लागायचा नाही. खाचेत नख घालायचे, टक्. दुकान बंद होऊन नऊ वर्षं झाली, नख अजून आहे.

मला हसू आलं, कारण आठवडाभर मी रात्री हॉवर्ड ह्यूज या अमेरिकन उद्योगपतीविषयी वाचतोय आणि परवाच नेमकं हे वाचलं होतं. 1972 साली तो निकाराग्वात, मानाग्वाच्या एका हॉटेलात लपून राहत होता. राष्ट्राध्यक्ष सोमोसा आणि अमेरिकेचा राजदूत भेटणार म्हणून त्याच्या माणसांनी त्याला न्हाऊ घातलं, वाढलेले केस आणि नखं कापली. त्यांच्यातल्याच एकानं पुढे सांगितलं की एका अंगठ्याचं नख त्यानं कापू दिलं नाही. स्क्रू पिळायला लागतं म्हणाला! अब्जाधीश, हाताखाली कारखाने, आणि स्क्रू ड्रायव्हर म्हणून नख. मूळचा यंत्रांत रमणारा माणूस, ते काही सुटत नाही.

पैसा बापाचा. बापानं तेलविहिरींसाठी खडक फोडणारं ड्रिल बिट 1909 मध्ये पेटंट केलं आणि ते विकण्याऐवजी भाड्यानं देत राहिला. (हे डोकं आपल्याकडे कोणी बोअरवेलवाल्यानं चालवलं असतं तर!) आई 1922 मध्ये गेली, बाप 1924 मध्ये, पोरगा अठरा वर्षांचा. पुढे सिनेमे काढले, विमानं बनवली, 1938 मध्ये चार दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. 1946 मध्ये चाचणी घेत असलेलं विमान घरांवर कोसळलं, त्यातून वाचला, पण वेदनाशामक म्हणून सुरू झालेलं कोडीन मरेपर्यंत सुटलं नाही. या सगळ्यावर लोकांनी भरपूर लिहिलंय. मला त्याची खोली सोडवत नाही.

1966 च्या नोव्हेंबरात तो आगगाडीनं रात्रीच्या अंधारात लास वेगासला आला आणि डेझर्ट इन हॉटेलचे वरचे दोन मजले घेऊन बसला. नववर्षाला मोठे जुगारी यायचे होते, मालक म्हणाले, खोल्या सोडा. यानं हॉटेलच विकत घेतलं, सव्वातेरा कोटी... नाही, चुकलो, 1 कोटी 32 लाख डॉलरला. रात्रभर सिनेमे हवेत म्हणून गावातलं टीव्ही स्टेशनही घेतलं. चार वर्षं तिथे राहिला. खिडक्यांवर जाड पडदे. रॉबर्ट मेह्यू नावाचा त्याचा माणूस नेवाडा राज्यातला सगळा कारभार बघायचा, रोज फोन, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या, पण त्यानं मालकाचं तोंड एकदाही समोरासमोर पाहिलं नाही. घरातल्या घरात व्हॉट्सॲपवर बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनी यावर फार नवल करू नये.

डबाबंद फळ कसं उघडावं यावर त्यानं नोकरांसाठी लेखी सूचना केल्या होत्या. टप्पे नऊ. टेबल मांडणं, डबा आणणं, डबा धुणं, पुसणं, मग हात धुणं, मग कुठे डबा उघडणं, आणि उघड्या डब्याजवळ कसं वागायचं याचा वेगळा टप्पा. वाचताना मला आमच्या आजीचं सोवळं आठवलं. तिचीही अशीच यादी होती, फक्त लिहिलेली नव्हती. रेशमी सोवळं नेसून ती लोणच्याची बरणी उघडायची तेव्हा आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर श्वास धरून उभी. पण आजी आधी स्वतः विहिरीवर थंडगार पाण्यानं न्हायची. ह्यूजचं उलटं. शिवणारे हात कागदी रुमालांत गुंडाळलेले हवेत, आणि हा स्वतः पारोसा, केस खांद्यापर्यंत, लघवी बाटल्यांत साठवून ठेवलेली. सोवळं सगळं दुसऱ्यांनी पाळायचं.

माझी चिडचिड होते ती त्याच्या माणसांवर. बहुतेक मॉर्मन पंथाचे, दारू-सिगारेटला न शिवणारे, म्हणूनच निवडलेले. पाळीपाळीनं चोवीस तास हजर. सांगेल ते आणून द्यायचे. एका आइस्क्रीमचा प्रकार कंपनीनं बंद केला तर म्हणे यांनी 350 गॅलन मुद्दाम बनवून घेतलं, आणि साहेबांना थोड्याच दिवसांत कंटाळा आला. कोडीनही असंच आणून दिलं. ओरडा खाऊन, हात हिसकावून घेतला तरी पुन्हा पकडून मांडीवर ठेवणारं तिथे कोणी नव्हतं. बायको होती, जीन पीटर्स. ती वेगासला आलीच नाही. 1971 मध्ये घटस्फोट झाला.

नोकरीच्या माणसाकडून ही अपेक्षा करावी का, हा प्रश्न आहेच. आमच्याकडे दिवसा येणारे मामा अण्णांना नाही म्हणू शकत नाहीत. "अण्णा नको म्हणाले" म्हणून गोळी तशीच वाटीत. संध्याकाळी मी आलो की भांडण. पगार कोण देतं, हे त्यांना माहीत आहे आणि तरी अण्णांपुढे त्यांचं चालत नाही. अण्णांकडे ना हॉटेल आहे ना टीव्ही स्टेशन.

5 एप्रिल 1976 ला ह्यूजला अकापुल्कोहून ह्यूस्टनला विमानानं नेत होते, वाटेतच गेला. सहा फूट चार इंच उंचीचा माणूस, वजन सुमारे 42 किलो. एक्स-रेमध्ये दंडात मोडलेल्या इंजेक्शनच्या सुयांचे तुकडे दिसले. हाच तो, हे नक्की करायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. त्याची बोटं शेवटी कोणीतरी धरली ती त्यासाठी. ग्राह्य धरता येईल असं मृत्युपत्र निघालं नाही. वर्षानुवर्षं खटले चालून पैसा चुलत-मावस भावंडांत वाटला गेला.

यातलं थोडं दुपारी अण्णांना सांगितलं. निम्मं त्यांना ऐकू आलं नाही. फळाच्या डब्याचं मात्र आलं. "डब्यातलं फळ कशाला खायचं?" म्हणाले, आणि पेटीतला एक हापूस मागितला. साखर वाढेल म्हटलं, तर न ऐकल्यासारखं केलं. अर्धाच दिला. कोपरापर्यंत ओघळ, बनियनवर डाग, नव्या कापलेल्या नखांतून रस. हात धुवायला तांब्या घेऊन गेलो तर अंगठ्याच्या नखात आंब्याचा धागा अडकलेला. मी हात लावायच्या आत त्यांनी तो पुढच्या दातानं उपसून काढला आणि नख उजेडाकडे धरून बघितलं.

उद्या मामांना सांगायचं आहे, पेटी कपाटावर ठेवा.