‘शुगर मुळापासून बंद’ : एका जाहिरातीची तक्रार तडीस नेताना

‘कोरोनानंतर वाढलेली शुगर ४५ दिवसांत मुळापासून बंद, इन्सुलिनची सुई कायमची सुटेल’ अशा मजकुराचं एका चूर्णाचं रंगीत पत्रक सकाळच्या पेपरात घालून नाशिकभर वाटलं गेलं. तीच जाहिरात फेसबुकवर होती, रिक्षांच्या पाठीवर होती, लोकल केबलवरही होती. आम्ही काही फार्मासिस्ट आणि ग्राहक कार्यकर्ते मिळून तिच्या मागे लागलो आणि ती बंद झाली. चूर्णाचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नावं बदलत राहतात, तक्रारीची पद्धत मात्र तीच कामी येते.

हा मजकूर धोकादायक का आहे ते आधी. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. आणि ‘कोरोनानंतर’ हा शब्द उगाच आलेला नाही. कोरोनात अनेकांना स्टेरॉइड द्यावं लागलं, त्याने साखर वाढली. स्टेरॉइड बंद झाल्यावर बऱ्याच जणांची साखर आपोआप खाली आली. त्या काळात जो जे चूर्ण घेत होता त्याला वाटलं, गुण चूर्णाचाच. ‘आम्हाला फरक पडला’ असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. पण त्यांचा अनुभव हा पुरावा नव्हे, आणि हे तक्रारीत शांतपणे लिहावं लागतं.

पहिलं काम पुराव्याचं, आणि ते त्याच दिवशी करायचं. पत्रक ज्या पेपरातून आलं त्या अंकाच्या पहिल्या पानासोबत ठेवून फोटो काढायचा, म्हणजे तारीख आपोआप येते. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असेल तर ते कापलं जाऊ देऊ नये. फेसबुकच्या जाहिरातीचा नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. फेसबुकची कंपनी मेटा हिच्या अ‍ॅड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या खुल्या यादीत जाऊन त्या जाहिरातीचा लायब्ररी आयडी, पेजचं नाव आणि सुरू झाल्याची तारीख टिपून घ्यावी. आपल्याकडे राजकीय सोडून इतर जाहिराती चालू असेपर्यंतच तिथे दिसतात; बंद केली की माग संपला. व्हिडिओ असेल तर वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करावं. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवावी, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेली प्रत आकाराने लहान केली जाते, ती मूळ फाइल राहत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं आणि त्यात मूळ फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक, द्यावी लागते.

मग डबा. तो पक्क्या बिलावर विकत घ्यायचा आणि सील फोडायचं नाही. आमचं सगळं प्रकरण या डब्यावर उभं राहिलं. पुढच्या बाजूला ग्लुकोमीटरचं चित्र आणि ‘मधुमेहावर रामबाण’. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, भिंग लावून वाचावं लागेल अशा टायपात इंग्रजीत लिहिलेलं : औषधी वापरासाठी नाही. शेजारी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर. आयुर्वेदिक औषध बनवण्याचा परवाना कुठेच नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी ती वस्तू अन्न होती आणि जाहिरात औषधाची. हे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले की वेगळा युक्तिवाद फारसा लागत नाही.

नंबर वाचता आला पाहिजे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. केंद्रीय परवाना १०० ने सुरू होतो. एफएसएसएआयच्या फॉस्कॉस पोर्टलवर नंबर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते कळतं. डब्यावरचं नाव आणि तिथलं नाव जुळलं नाही, तर तो मुद्दा तक्रारीत सगळ्यात वर घ्यावा. खरं आयुर्वेदिक औषध असेल तर लेबलवर घटकांची मात्रा, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो.

आता कलमं. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या कलम ३ खाली, परिशिष्टात दिलेल्या आजारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरातच करता येत नाही. दावा खरा की खोटा हा प्रश्नच तिथे येत नाही. मधुमेह, लठ्ठपणा, रक्तदाब, मोतीबिंदू, कर्करोग, उंची वाढवणं हे सगळं त्या यादीत आहे. विक्रेत्याची पहिली पळवाट ठरलेली असते : ‘आमचं तर अन्न आहे.’ त्यावर उत्तर याच कायद्याच्या व्याख्येत आहे. रोग बरा करण्यासाठी वापरायचा म्हणून सांगितलेला कोणताही पदार्थ तिथे औषध ठरतो. म्हणून तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न आणि औषध या दोन्ही शाखांकडे, वेगवेगळ्या पत्रांनी द्यावी. अन्न शाखेसाठी अन्न सुरक्षा कायद्याची कलमं २४ आणि ५३. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. एकच पत्र दिलं की ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरतं. आमचं पहिलं पत्र असंच फिरलं.

कोरोनाच्या दाव्यांची गोष्ट जरा वेगळी होती. १९५४ च्या यादीत कोरोना कुठून असणार? त्यामुळे कलम ३ सरळ लागत नव्हतं, कलम ४ खाली दावा खोटा किंवा दिशाभूल करणारा असल्याचं दाखवावं लागायचं. १ एप्रिल २०२० ला आयुष मंत्रालयाने कोरोनावर उपचाराचे दावे छापायला आणि दाखवायला मनाई केली, तेव्हा हातात काहीतरी आलं. त्याच महिन्यात जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, अशा ५० जाहिराती मंत्रालयाला कळवल्या होत्या. २३ जून २०२० ला हरिद्वारमध्ये पतंजलीचं कोरोनिल बाजारात आलं आणि मंत्रालयाला त्याची जाहिरात थांबवायला सांगावं लागलं. पुढे २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली.

‘९९.९ टक्के विषाणू नष्ट’ हा त्या काळातला दुसरा मोठा दावा, रंगापासून शर्टापर्यंत सगळीकडे. तो अजूनही चालू आहे. इथे आकड्यावर वाद घालू नये, चाचणी मागावी. कापडाची चाचणी आयएसओ १८१८४ प्रमाणे होते, गुळगुळीत पृष्ठभागाची आयएसओ २१७०२ प्रमाणे. दुसऱ्या चाचणीत ५ सेंटीमीटरच्या चौकोनी तुकड्यावर विषाणू ठेवून २४ तास थांबतात. तो आकडा त्या तुकड्यापुरता खरा असू शकतो. पण भिंतीला रंग दिला म्हणून समोर खोकणाऱ्या माणसाकडून लागण टळते, असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. तक्रारीत तीनच प्रश्न लिहावेत : कोणता विषाणू, किती वेळ, कोणत्या पृष्ठभागावर.

दारं बरीच आहेत, प्रत्येकाचा उपयोग वेगळा. आस्कीकडे वेबसाइटवरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार फुकट देता येते. ती सरकारी संस्था नाही, दंड करत नाही. पण केबल टीव्ही नियमांनुसार आस्कीची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवता येत नाही, म्हणून लोकल केबलसाठी हे दार चांगलं. मराठी जाहिरातीचं शब्दशः इंग्रजी भाषांतर आम्ही सोबत जोडतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं, तिथून तक्रार क्रमांक जरूर घ्यावा. आयुष औषधांसाठी मे २०२५ पासून ‘आयुष सुरक्षा’ पोर्टल आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडची तक्रार थेट किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जाते. जाहिरात करणाऱ्या कलाकारावरही एक वर्षाची बंदी घालण्याचा अधिकार त्यांना आहे. स्वतःचे पैसे गेले असतील तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

चूर्णाने साखर खरंच झपाट्याने उतरत असेल तर जास्त सावध व्हावं. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी साखर उतरवणारी अ‍ॅलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० खाली ग्राहकाला फी भरून तपासणी करून घेता येते, पण एक अट आहे : विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. नंतर आठवलं तर उपयोग नाही. नमुना कायद्याच्या निकषांत बसला नाही तर फी परत मिळते.

तक्रारी अडतात त्या ठरावीक कारणांनी. एका पत्रात दहा दावे, ‘लोकांची फसवणूक चालू आहे’ अशी भाषणं, आणि दावा अवतरणात न देता आपल्या शब्दांत लिहिणं. आम्ही एक पान, एक दावा, जसाच्या तसा मजकूर, माध्यम आणि तारीख, परवाना क्रमांक, कलम असंच लिहितो. आवक शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. डॉक्टरने स्वतःच्या दवाखान्यावर लावलेल्या उपचारांच्या पाटीला १९५४ च्या कायद्याच्या कलम १४ ची सूट आहे, तिच्यावर वेळ घालवू नये. तीच पाटी मेनरोडवर होर्डिंग होऊन लागली की सूट संपते.

उत्तर येईना तेव्हा माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नये, कारण ‘का’ला उत्तर देणं बंधनकारक नाही. आवक क्रमांक देऊन ‘या अर्जावरील टिप्पणीची प्रत द्यावी’ असं मागावं. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं, नाही आलं तर वीस रुपयांत पहिलं अपील. आमची फाइल या अर्जानंतर हलली. त्यानंतर विक्रेत्याला नोटीस गेली, पत्रकं थांबली, केबलवरची जाहिरातही गेली.

तीच जाहिरात नवं नाव घेऊन परत येते, हे धरूनच चालावं. म्हणून जुना तक्रार क्रमांक, नोटिशीची प्रत आणि डब्याचा फोटो एका पाकिटात ठेवले आहेत. नव्या डब्यावर परवाना क्रमांक तोच असेल तर नव्या तक्रारीत जुन्या नोटिशीचा हवाला पहिल्याच ओळीत द्यायचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे पहिल्या वेळी दंड १० लाखांपर्यंत आहे, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत.