शेंगदाण्याचं कूट आणि निळा पंप

उष्टावण झालं की पेज, नाचणीचं सत्त्व, केळं सगळं सुरू होतं. शेंगदाणा मात्र ‘उष्ण पडतो’, ‘अंगावर उठेल’ म्हणून दोन-तीन वर्षं लांब ठेवला जातो. यात आपल्या आज्यांना एकट्यांनाच दोष द्यायला नको. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही हेच सांगितलं होतं: ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा नको. २००८ मध्ये त्यांनी तो सल्ला मागे घेतला आणि २०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातल्या गिडियन लॅक यांच्या गटानं तो पार उलटा केला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, सगळ्यांना तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी. अर्ध्यांना नियमित शेंगदाणा, अर्ध्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी खाणाऱ्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. २०२४ मध्ये तीच मुलं किशोरवयात पुन्हा तपासली, तेव्हाही फरक टिकून होता.

कारण असं की पदार्थ पोटातून आधी गेला तर शरीर त्याला अन्न म्हणून ओळखतं. तोच इसबानं फाटलेल्या कातडीतून आत शिरला की शत्रू ठरतो. म्हणून इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा तेलानं मालिश नको, आणि इसब वेळेवर बरा करणं हाही ॲलर्जीवरचाच इलाज.

करायचं कसं? बाळ सहा महिन्यांच्या आसपास असावं, मान धरत असावं, दुसरं काही खायला लागलेलं असावं. दाणे भाजून, फोलपटं काढून, अगदी बारीक दळून चाळणीतून काढायचे. बुरसलेला किंवा कडू दाणा टाकून द्या. कूट पेजेत पातळ कालवायचं. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकाएवढं देऊन दहा मिनिटं थांबा, काही नाही झालं तर उरलेलं द्या आणि दोन तास बाळाजवळ राहा. हे सकाळी करा, संध्याकाळी दवाखाने बंद व्हायच्या वेळी नको. पुढे अभ्यासातलं प्रमाण आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, तीन वेळांत. दाण्यात साधारण पाव भाग प्रथिन, म्हणजे दर वेळी ८ ग्रॅम कूट, चहाचे सपाट तीन चमचे. एकदा देऊन महिनाभर विसरणं हीच नेहमीची चूक. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनळीत अडकतो. आणि तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

आता ॲलर्जी शोधायच्या रक्ततपासणीच्या पॅनेलबद्दल, म्हणजे एकाच रक्तात अनेक पदार्थ तपासण्याबद्दल. शेकडो पदार्थांची यादी येते, तीस पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’, आणि घरात दूध, गहू, वांगं, डाळ सगळं बंद. शेजारच्या कर्नाटकातल्या प्रौढांच्या अभ्यासात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं, सापडलं. खरी ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र फक्त १.२ टक्क्यांत. मग खरी ओळखायची कशी? तोच पदार्थ, दर वेळी, खाल्ल्यापासून मिनिटांत ते दोन तासांत, आणि तीच लक्षणं. मिसळीनं जळजळणं ही ॲलर्जी नव्हे. तालमीतल्या पोरांसाठी एक अपवाद: काहींना गहू एरवी चालतो, पण चपात्या खाऊन तीन-चार तासांत मेहनत केली की अंग उठतं, घसा आवळतो. नुसत्या चपातीवर संशय जात नाही म्हणून हे वर्षानुवर्षं सापडत नाही.

तिळाची ॲलर्जी असलेल्यानं कोल्हापुरात जेवणं अवघडच. पांढऱ्या रश्श्यात खसखस, काजू, खोबऱ्याबरोबर तीळ असतात, कांदा-लसूण मसाल्यात असतात, चटणीत असतात. पाकिटावर वाचून कळेल म्हणाल, तर आपल्या २०२० च्या लेबल नियमांत ठळक सांगायच्या पदार्थांत शेंगदाणा, दूध, सोया आहेत, तीळ नाही. मसाल्याच्या पुडीवर घटकांची सगळी यादी वाचा आणि खानावळीत ‘तीळ आहे का’ असं नाव घेऊन विचारा. ‘काही ॲलर्जीचं आहे का’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘नाही’च येतं.

ॲलर्जीचा गंभीर झटका आला, म्हणजे पित्त उठण्याबरोबर दम लागला, आवाज बसला, वारंवार उलटी झाली किंवा चक्कर आली, तर औषध एकच: ॲड्रेनालीन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम, १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये (काचेच्या छोट्या कुपीत) १ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिली. मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५ मिली. फरक नाही पडला तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा. इन्सुलिनच्या सुईची लांबी स्नायूपर्यंत पोचत नाही. ॲम्प्यूल गुलाबी-तपकिरी झाली असेल तर टाका. माणसाला आडवं ठेवा, पाय वर. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका, त्यातच रक्तदाब कोसळतो. खाजेच्या इंजेक्शनानं आणि स्टिरॉइडनं खाज जाते, घसा उघडत नाही. गगनबावड्याकडे राहणाऱ्यांनी तर ॲम्प्यूल, सिरिंज आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस घरातच ठेवावा, भरायला शिकून. कोल्हापूर शहर तिथून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

ॲलर्जीच्या झटक्यात जीव जाण्याचा धोका ज्यांचा दमा आवाक्यात नाही त्यांना सर्वांत जास्त असतो, म्हणून ॲलर्जी आणि दमा हे दोन आजार वेगळे धरायचे नसतात. दम्यातला जुना सल्ला म्हणजे निळा (साल्ब्युटामॉलचा) पंप, धाप लागली की दोन दाब. तो नळी उघडतो, आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात की बारा वर्षांवरच्या कुणीही फक्त निळ्यावर राहू नये. त्याऐवजी बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल, म्हणजे सूज उतरवणारं स्टिरॉइड आणि नळी उघडणारं औषध एकाच पंपात, गरज पडेल तेव्हाही तेच. २०१८ च्या चाचणीत या पद्धतीनं, नुसत्या तात्पुरत्या औषधाच्या तुलनेत, दम्याचे गंभीर झटके ६४ टक्क्यांनी कमी झाले. सॅल्मेटेरॉल (नळी उघडणारं दुसरं औषध) असलेला पंप यासाठी चालत नाही, तो सावकाश चढतो. एका निळ्या पंपात साधारण २०० दाब असतात. वर्षात तीन संपत असतील तर दमा आवाक्यात नाही, एवढं गणित घरी करता येतं. ‘पंपाची सवय लागते’ हे खोटं. सवय लागते ती सूज तशीच ठेवून धाप आवरण्याची.

पंपाचं तंत्र बिघडलेलं असतं तेव्हा औषध जिभेवर बसतं. हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यात) एकच दाब, चार-पाच सेकंद सावकाश आत ओढा, दहा सेकंद धरा. लहान मूल असेल तर मास्क घट्ट लावून पाच-सहा साधे श्वास. दोन दाब एकदम मारले तर थेंब एकमेकांना चिकटून खाली बसतात. रोटाकॅप्सूलचं, म्हणजे पूड ओढायच्या कॅप्सूलचं, उलटं: तिथं जोरात आणि पटकन ओढायचं. कॅप्सूल आपल्या पावसाळ्यात आधीच उघडून ठेवली तर पूड गोळा होते. स्पेसर भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळत ठेवा, पुसू नका. फडक्यानं घासलं की प्लास्टिकला विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरा.

नवं औषध म्हणजे ओमॅलिझुमॅब, आयजीईला अडवणारं इंजेक्शन. दम्यासाठी वीसेक वर्षं वापरात होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेनं ते अन्नाच्या ॲलर्जीसाठीही मंजूर केलं. चाचणीत ६०० मिलिग्रॅम शेंगदाणा-प्रथिन ६७ टक्क्यांना सोसलं, खोट्या इंजेक्शनवाल्यांत ७ टक्क्यांना. म्हणजे चुकून खाल्लेल्या दोन-अडीच ग्रॅम दाण्यांचं संरक्षण, बिनधास्त खाण्याचं नव्हे. दर दोन ते चार आठवड्यांनी घ्यावं लागतं, महाग आहे, आणि झटका आल्यावर उपयोगाचं नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटतं, गुऱ्हाळांची धुराडी चालू होतात, पहाटे धूर खाली बसतो. रोजचा पंप दिवाळीनंतर धाप लागल्यावर नव्हे, दसऱ्याआधीच नियमित झालेला असावा. सोबत पंपावरचा उरलेल्या दाबांचा आकडाही बघा. पंपातली औषधाची डबी पाण्यात टाकून तरंगते का ते बघणं निरुपयोगी आहे: औषध संपल्यावरही आत वायू उरतो. पंपावर आकडा नसेल तर दाब मोजून कॅलेंडरवर लिहा.