तुम्ही विचारलंत म्हणून: दिसायला चांगली असलेली चेसी मी का उघडली

लग्नात, बँकेत, मुंबई नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षातून, सगळीकडे आमच्या जुन्या ट्रकबद्दल एकच प्रश्न. गाडी तर चांगली होती की, वरवर थोडा गंज होता, कन्व्हर्टर (गंज स्थिर करणारं रसायन) मारायचा, रेडऑक्साइड प्रायमरचा हात द्यायचा, रंग काढायचा, विषय संपला. रिव्हेट कापून चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सुटी करून काय मिळवलंस? आणि मग आवाज जरा खाली आणून, तुझ्या वडिलांना, अण्णांना, वाईट नाही का वाटलं? दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय, आता परत कुणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

गाडी माहितीच आहे सगळ्यांना, अण्णांची टाटा मर्सिडीज, समोर तारा असलेली. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि डायमलर बेंझचा करार 1954 ते 1969 एवढाच होता, त्यामुळे ताऱ्याची गाडी म्हणजे वय आलंच. आणि नाही, ती 2016 च्या पुरात सापडली नव्हती. गोदावरीचं पाणी आमच्या शेडपर्यंत कधीच आलेलं नाही, हेही लोक फार ठामपणे सांगत असतात.

आधी कन्व्हर्टरबद्दल, कारण सगळ्यांचा भरवसा त्याच्यावर आहे. कन्व्हर्टरमध्ये टॅनिक किंवा फॉस्फोरिक अॅसिड असतं, ते गंजाशी लागलं की गंज काळा पडतो आणि स्थिर होतो, हे खरंय, मीही वापरतो. पण ते जिथे पोचतं तिथेच काम करतं, आणि तेही पातळ गंजावर. दोन पत्र्यांच्या सांध्यात, लाकडाला गुंडाळलेल्या पत्र्याच्या आतल्या बाजूला, जुन्या लांबीच्या (पुट्टीच्या) खाली ते जातच नाही. वरचा थर छान काळाभोर झाला की माणसाला वाटतं काम झालं, आणि खालचा आपला चालूच असतो, फक्त आता दिसत नाही. फॉस्फोरिकवालं सांध्यात थोडं शिरून तसंच राहिलं आणि धुतलं गेलं नाही तर ते अॅसिड पत्राच खात बसतं, ते वेगळंच.

केबिनचं मी थोडक्यात सांगतो. त्या काळी बरेच ट्रक कंपनीतून काऊल (बॉनेटकडचा पुढचा भाग) आणि चेसी एवढेच यायचे, बाकी केबिन आणि हौदा इथला बॉडी बिल्डर लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवायचा. लाकूड पाणी धरून ठेवतं, खिळ्याच्या भोकातून आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. लोहचुंबक फिरवला की जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी, आणि आमच्या दरवाज्यांच्या खाली चार बोटं नुसती लांबीच होती. तो पत्रा काढला, नवा घातला, यावर कुणाचं काही म्हणणं नाही. सगळा वाद चेसीचा आहे.

आमच्या गाडीची चेसी डबल आहे. लोड जास्त घ्यायचा म्हणून अण्णांनी मूळ चॅनेलच्या (चेसीच्या लांब, खोबणीसारख्या तुळईच्या) पोटात दुसरं चॅनेल बसवून घेतलं होतं, नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका शेडमध्ये, स्वतः उभं राहून, रिव्हेट लाल करून ठोकून. घरात ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलीय. नाशिकमध्ये एवढं सफाईदार काम कुणाच्या गाडीचं नव्हतं असं अण्णा म्हणायचे, आणि काम खरंच सुंदर होतं, रिव्हेटची डोकी एका रेषेत, एकही वाकडं नाही.

म्हणून मी पण सुरुवातीला तुमच्यासारखाच बोलायचो. चेसी बाहेरून घासली, ब्लास्ट केली, म्हणजे हवेच्या दाबाने खर मारून गंज उडवला (गार्नेटच्या चुऱ्याने, साधी वाळू वापरू नका हो, तिच्या धुळीने फुप्फुसं कायमची जातात), त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला कारण उघडं लोखंड आपल्याकडच्या हवेत रात्रभर ठेवलं की सकाळी पिवळं झालेलं असतं. दिसायला कोरी करकरीत. मग पाऊस सुरू झाला. आणि त्या कोऱ्या प्रायमरवर, दोन चॅनेल जिथे एकमेकांना टेकतात त्या रेषेतून, एक तपकिरी ओघळ खाली आला. पुसला, दोन दिवसांनी परत. पेंटर म्हणाला धूळ असेल. वेल्डिंगवाले चाचा आले, हातोडी घेतली आणि पुढून मागे ठोकत गेले, टण टण टण, आणि मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) थोडं पुढे आवाज बद्द झाला. परत ठोकलं. बद्द. मग त्यांनी चॅनेलच्या कडेला पट्टी लावून दाखवली, सरळ दिसणारं चॅनेल मधे फुगलेलं होतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, दोन पत्र्यांच्या मधे तो वाढला की पत्रे एकमेकांपासून ढकलतो, रिव्हेट ताणतो. चाचा एवढंच म्हणाले, "अंदर से खा रहा है. आता तू ठरव."

ठरवायला मला वेळ लागला, हे मी लपवत नाही. बाहेरून वेल्डिंग करून पट्टी मारू का, असं पण डोक्यात आलं. पण ट्रकची चेसी चालताना पिळते, रिव्हेटने जोडलेली असते ती त्यासाठीच, तिच्या कडेवर वेल्डिंगची उष्णता दिली की तिथूनच पुढे तडा जातो. आणि मधला गंज तर तसाच राहिला असता. कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) आत मारा असं एकाने सुचवलं. वॅक्स चांगलंच असतं, पण सुकलेल्या, स्वच्छ पोकळीत. ओल्या गंजावर वॅक्स मारणं म्हणजे आतली ओल आतच बंद करणं.

अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "रिव्हेटला हात लावू नको. दरवर्षी पावसाच्या आधी जळकं ऑइल मारलंय मी तिला, तिला काही होत नाही."

मी रिव्हेट कापले. अण्णा खुर्ची टाकून समोरच बसले होते, मी नको म्हटलं तरी. डोकी ग्राइंडरने उतरवली, आतले दांडे पंचाने बाहेर काढले, चाचांनी जॅक लावून आतलं चॅनेल हलवलं आणि ते सुटलं तेव्हा खाली जे पडलं ते लोखंड म्हणायची सोय नव्हती. खारीसारखे पापुद्रे, हाताने मोडणारे, घमेलंच्या घमेलं. चॅनेलच्या तळाला बोटाएवढ्या लांबीची भोकं. आणि पापुद्र्यांच्या मधे एके ठिकाणी हिरवट निळा थर.

तो थर मला कळला नाही, अण्णांना बघताक्षणी कळला. मोरचूद. गाडी उमेदीत असताना निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांना खत आणि मोरचूद पोचवायची, छाटणी झाली की डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी पोत्यांवर पोती जायची. पोती फाटायची, त्यात पाऊस, ते निळं पाणी हौद्याच्या फळ्यांतून थेट चेसीवर. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्याचं पाणी लोखंडाला लागलं की लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं, आणि मग तांबं आणि लोखंड ओलाव्यात शेजारी शेजारी राहिले की लोखंडाचंच जातं. वरून खताचे क्षार, जे हवेतली ओल ओढून घेतात. हे सगळं त्या दोन चॅनेलच्या मधल्या फटीत गेलं आणि तिथेच राहिलं. जळकं ऑइल त्या फटीवर बाहेरून बसलं, धुळीचा चिखल झाला.

अण्णा उठले, तो तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "म्हणजे माझ्याच भाड्याने खाल्ली गाडी. आणि चॅनेल पण मीच बसवलं." मी म्हटलं अण्णा तसं नाही. ते म्हणाले, "तसंच आहे." नंतर काम संपेपर्यंत ते शेडवर आले नाहीत.

त्याच भाड्यावर आमचं घर झालं, बहिणीचं लग्न झालं, मी शिकलो. हे मी त्यांना सांगितलं, आईने सांगितलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. एखाद्या रविवारी अण्णा गावी गेलेले असताना उघडलं असतं, गंज गोळा करून भंगारात दिला असता, तर त्यांना कळलंच नसतं, असं माझा एक मित्र म्हणतो. माझ्या डोक्यातही ते येतं. पण ज्या माणसाची गाडी आहे त्याच्यापासून तिच्याच पोटातली गोष्ट लपवायची, हेही मला पटत नाही. आजही पटत नाही, आणि त्यांचा तो चेहरा आठवला की पटतं.

पुढचं काम सरळ होतं, वेळखाऊ होतं एवढंच. दोन्ही चॅनेल सुटी ब्लास्ट केली, गरम पाण्याच्या प्रेशरने धुतली कारण खड्ड्यांत क्षार राहिले तर प्रायमरखालून गंज परत उठतो, सुकवून परत हलकं ब्लास्ट. मागचं टोक सोडून आतलं चॅनेल नवीन केलं. जिथे दोन्ही एकमेकांना टेकतात तिथे झिंक प्रायमर, वर सीलंट ओलं असतानाच जोडणी, आणि रिव्हेटऐवजी हायटेन्साइल बोल्ट. चेसी नंबर ठोकलेल्या जागी ग्राइंडर लावूच दिला नाही, हाताने तारेचा ब्रश. तळाला पाणी जायची भोकं मोकळी केली, वॅक्स सगळ्यात शेवटी.

"मूळपण घालवलंस, आता विंटेज नंबर मिळणार नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी: 2021 चा विंटेज नोंदणीचा नियम 50 वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकींचा आहे. ट्रक त्यात बसतच नाही, चेसी उघडली काय, न उघडली काय. आणि मूळपणाचं म्हणाल तर त्या रिव्हेटची रांग गेली याचं दुःख मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, बोल्ट कितीही चांगले असले तरी ते अण्णांनी ठोकून घेतलेले नाहीत.

मागच्या टोकाला, शेवटच्या आडव्या पट्टीजवळ काही रिव्हेट मी ठेवलेत. तिथे आवाज स्वच्छ येत होता. दरवर्षी पावसात मी ती रेषा बघतो, अजून ओघळ आलेला नाही. चाचा म्हणतात आला नाही म्हणजे नाही असं नसतं, पुढच्या उन्हाळ्यात तेही उघड. अण्णा म्हणतात ते राहू दे. मी अजून ठरवलेलं नाही.