कफ परेड ते मांडवा: १४ किलोमीटरचा दुवा आणि सप्तमीची फसगत

मांडव्याला आत्याच्या वाडीत मोबाइलची रेंज विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच मिळते. समोर कफ परेडला मावसभाऊ विसाव्या मजल्यावर राहतो, त्याच्याकडे फायबर. हवा स्वच्छ असली की त्याच्या गच्चीवरून कनकेश्वराचा डोंगर दिसतो. सरळ रेषेत साधारण १४ किलोमीटर, जवळजवळ सगळं पाणीच. म्हटलं, दोन्हीकडे रेडिओ आणि डिश लावून त्याचं नेट वाडीत आणू.

५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे आपल्याकडे २०१८ पासून विनापरवाना वापरता येतात, पण ताकदीवर मर्यादा आहे. ५.८ गिगाहर्ट्‌झला डिशच्या तोंडातून ४ वॅटपर्यंतच, म्हणजे ताकदीच्या मापात ३६ डीबीएम. ३० डीबीआयची, म्हणजे झोत एकवटून ताकदीत ३० ची भर घालणारी डिश घेतली तर रेडिओ ६ डीबीएमवर ठेवावा लागतो, जेमतेम चार मिलिवॅट. (सोसायटीच्या सेक्रेटरींना 'रेडिएशन'ची धास्ती होती, हा आकडा ऐकून सही मिळाली. परवानगी लेखीच घ्या.) मोठी डिश ओरडायला नाही, ऐकायला लागते. आणि हे आपल्या आपल्यात. शेजाऱ्यांना पैसे घेऊन जोडायचं तर त्याला परवाना लागतो.

मार्गशीर्षात निघालो. डिशचा खोका आणि पाइप असल्यामुळे गेटवेच्या लाँचऐवजी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो घेतली. सामान गाडीतच राहतं, तासाभरात पलीकडे. लाँचच्या जिन्यावरून हे सगळं उतरवायचा विचारही करू नका.

किनाऱ्यालगत सुरूची झाडं आहेत. त्यातून सिग्नल जाईल अशी आशा नको, ओली झाली की तर नाहीच. म्हणून घराच्या समुद्राकडच्या भिंतीला पाइप ठोकला, दोन झाडांच्या फटीतून मुंबई दिसते तिथे.

डिश जुळवायला वाटलं होतं त्याच्या चौपट वेळ लागला. हिशेबाने उणे ६५ डीबीएमच्या आसपास सिग्नल यायला हवा होता (आकडा उणे असतो, शून्याकडे जितका जवळ तितका सिग्नल चांगला). मी डिश इंच इंच फिरवतोय, मावसभाऊ फोनवर आकडे सांगतोय: "८४... ८२... ८३, मागे घे, ८२." दोन्ही बाजूंना उतरतोय म्हणजे हाच शिखरबिंदू, असं समजून मी १३ नंबरच्या पान्याने नट आवळले. लिंक लागलीही! पण १७ डीबी गेले कुठे? डिशच्या मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात आणि त्यातल्याच एकावर मी अडकलो होतो. नट सैल करून डिश मुद्दाम बरीच पुढे नेली. आकडा आधी ९० पर्यंत पडला, मग एकदम वर आला. उणे ६७. तेव्हा हिशेब आधी कागदावर करा, आणि मिळालेला आकडा त्याच्याशी जुळत नसेल तर आनंद करू नका. आवळताना डिश किंचित सरकते, म्हणून शेवटच्या नटानंतर आकडा पुन्हा विचारा.

आत्या म्हणाली, "आज सप्तमी, सव्वापाचला भरती. त्या आधी चहा घे आणि नीघ." कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ: सात गुणिले पाऊण, सव्वापाच. मी चहा घेऊन संध्याकाळच्या बोटीने परतलो. हीच चूक.

पौर्णिमेला तिचा फोन. "अरे, तुझं नेट दुपारी बाराच्या सुमाराला गेलं, रात्री पुन्हा गेलं. मधे छान होतं." दुसऱ्या दिवशी जवळजवळ पाऊण तास उशिरा गेलं. मावसभाऊ वायरीवर, राउटरवर संशय घेत बसला होता. मला ती पाऊणपट आठवली.

रेडिओची एक लाट थेट येते, दुसरी पाण्यावर आपटून. पाणी चढलं-उतरलं की दुसरीचा रस्ता काही सेंटिमीटरने बदलतो, आणि ५.८ची तरंगलांबीच मुळी पाच सेंटिमीटर. दोन्ही उलट्या जुळल्या की एकमेकींना खातात, पाण्याच्या त्या पातळीला सिग्नलमध्ये खड्डा पडतो. सप्तमीला भांगाची भरती, पाणी फारसं हलत नाही, त्यामुळे सगळं गोडच दिसलं. उधाणाला आमच्या डिशखाली पाणी नेमकं त्या खड्ड्यात पोचत होतं.

पुन्हा रो-रो, पुन्हा शिडी. आमच्या उंचीला दोन खड्ड्यांमध्ये सहा-सात मीटरचं अंतर निघत होतं आणि उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास खाली-वर होतं. म्हणजे दोन्ही खड्डे टाळायला जागा होती. डिश फक्त तीन फूट वर घेतली, की वरचा खड्डा भरतीच्या पाण्याच्याही वर गेला. एकदम दोन मीटर चढवली असती तर ओहोटीला मार खाल्ला असता. या वेळी अमावास्या गाठून दोन दिवस मुक्काम केला. पाण्यावरून लिंक टाकणार असाल तर उधाणाच्याच तिथीला जा आणि राहायच्या तयारीने जा.

एक त्रास मात्र जात नाही. मोठं कंटेनर जहाज रेषेतून गेलं की मिनिटभर लिंक तुटते. आत्या आता खिडकीतून बघून सांगते, "थांब, बोट जातेय."

पाऊस ५.८ला विशेष त्रास देत नाही, खारी हवा देते. नट-बोल्ट स्टेनलेसचे ३१६ ग्रेडचेच घ्या, साधे एका पावसात गंजतात. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आणि जोडावर रबरी टेप ताणून गुंडाळा. ही कामं वैशाखातच उरका. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद असते.