डनामेझला चालत जाऊ नका

आयर्लंडमधले किल्ले बघायला जाणाऱ्यांना आधी एवढंच सांगते: पोर्टलीशहून डनामेझच्या किल्ल्यापर्यंत चालत जाऊ नका. फोनवरचा नकाशा सांगतो सहा किलोमीटर, सपाट रस्ता, सव्वा तास. आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईही म्हणाल्या, सहज जाल. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघी दर पावसाळ्यात दोन-तीन गड करणाऱ्या. अंतराचा आम्हाला काहीच त्रास झाला नाही. जीव घाबरा केला तो रस्त्याने.

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून तासाभरात गाडी पोर्टलीशला पोचते. तिथून स्ट्रॅडबॅलीकडे जाणारा एन ८० हा रस्ता धरायचा. गाव आहे तोवर फुटपाथ आहे. गाव संपलं की तो संपतो. पुढे काही ठिकाणी कडेला हातभर पट्टी मिळते, मग तीही जाते आणि काटेरी झुडपांचं कुंपण थेट रस्त्याच्या पांढऱ्या रेषेला येऊन भिडतं. समोरून दगड-खडीचे ट्रक, दूध वाहणारे टँकर, गुरं भरलेल्या गाड्या, सगळ्या भरधाव. ट्रक आला की आम्ही कुंपणात पाठ रुतवून उभ्या राहायचो. तो गेला की वाऱ्याचा झोत आणि रस्त्यावरचं पाणी तोंडावर. एका वळणावर तोल सावरायला मी झुडपात हात घातला. ती खाजरी निघाली आणि रात्रीपर्यंत मनगट पेटलेलं होतं. बहीण माझ्या मागे होती. प्रत्येक गाडीनंतर मी वळून ती उभी आहे ना ते बघत होते. असा पाऊण तास. तोरण्याची बुधला माचीची वाट यापेक्षा सोपी, कारण तिथे निदान आपण कुठे पाय ठेवतोय ते आपल्या हातात असतं.

तरीही कोणी चालत जाणारच असेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला. तिथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून धावतात, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं. भडक रंगाचं जाकीट घाला. पावसात आणि संध्याकाळी तर जाऊच नका. लहान मुलं बरोबर असतील तर हा विचारही करू नका.

परत येताना टॅक्सी बोलावली. चालकाने मीटर टाकलाच नाही. गावात पोचल्यावर "वाट बघण्याचे" धरून चाळीस युरो मागितले. वाट त्याने बघितलीच नव्हती, उलट आम्हीच पाऊस अंगावर घेत त्याची वाट बघत होतो. भिजलेल्या, दमलेल्या होतो, देऊन टाकले. आयर्लंडमध्ये टॅक्सीचं कमाल भाडं सरकार ठरवतं, मीटर टाकणं आणि छापील पावती देणं चालकावर बंधनकारक आहे, हे मला रात्री कळलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चालकाने तेच अंतर मीटरने सतरा युरोंत नेलं. बसल्या बसल्या मीटरकडे बोट दाखवा आणि उतरताना पावती मागा.

होय, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. कॅशेल या दुसऱ्या ठिकाणासाठी ठेवलेला अर्धा दिवस कापून गेलो, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

डनामेझ म्हणजे सपाट रानातून एकदम उठलेला चुनखडीचा कडा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे ४६ मीटर उंच. पायथ्याला चर्च आहे, तिथून वर जायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. तिकीट नाही, खिडकी नाही, पहारेकरी नाही. पाणी आणि स्वच्छतागृहही नाही, ते स्टेशनवरच उरका. आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याने तेव्हा इंग्लंडवर राज्य करणाऱ्या नॉर्मनांना मदतीला बोलावलं आणि ११७० मध्ये आपली मुलगी ईफा त्यांचा सरदार स्ट्राँगबो याला दिली. त्या सोयरिकीतून ही जागा नॉर्मनांकडे गेली. पुढे ईफाच्या मुलीशी लग्न करून विल्यम मार्शल हा सरदार या जागेचा धनी झाला. बाहेरच्या आवारातून दरवाजाकडे चढताना वाट मुद्दाम अरुंद होत जाते. वर तट आणि समोर बुरुजांची जोडी, म्हणजे येणारा शत्रू दोन्हीकडून टप्प्यात. आपल्याकडचा गोमुखी दरवाजा पाहिलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

१६५० च्या सुमारास इंग्लंडच्या क्रॉमवेलच्या फौजेने हा किल्ला मोडून टाकला, पुन्हा कोणाला त्याचा आसरा मिळू नये म्हणून. १८१८ नंतर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे याच हेतूने फोडले. तटाचा खोलीएवढा तुकडा अख्खाच्या अख्खा उताराला कलंडून पडलाय. मी त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उभी होते. चुना अजून दगड सोडत नाही. बोटाने खरवडला तर नख झिजतं, चुना सुटत नाही. माथ्यावरच्या मोठ्या दालनाच्या भिंतीतून लीश परगण्याचं रान दिसतं, लांबवर स्लीव्ह ब्लूमचे डोंगर. वारा इतका की बोलणं ऐकू येत नव्हतं. आयर्लंडमध्ये एकच किल्ला बघायचा असेल तर हाच बघा. ओल्या चुनखडीवर पाय सटकतो आणि कड्याला कठडे नाहीत, एवढं मात्र लक्षात ठेवा.

बाकीचं थोडक्यात. केरचा किल्ला (पाटीवर काहिर असं वाचाल, उच्चार केर) शूर नदीतल्या खडकावर आहे. १५९९ मध्ये अर्ल ऑफ एसेक्स या इंग्रज सरदाराने तोफा लावून तो घेतला, त्यातला एक गोळा अजून भिंतीत रुतलेला दिसतो. छान जपलाय, घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जायला उत्तम. कॅशेलचा खडक हा मुळात किल्ला नाहीच. मन्स्टरच्या राजांची ती गादी, ११०१ मध्ये चर्चला दिलेली. ११३४ चं कॉर्मॅकचं प्रार्थनाघर चुकवू नका, त्याचं तिकीट वेगळं असतं. खालच्या कुरणातले होअर मठाचे अवशेष फुकट आहेत आणि तिथे गर्दी नसते. डब्लिन-कॉर्क बस दोन्ही गावांत थांबते. वर्षभराचं हेरिटेज कार्ड (सरकारी ऐतिहासिक स्थळांचा पास) दोन-तीन ठिकाणांसाठी घेऊ नका, वसूल होत नाही.

अँट्रिमच्या समुद्रकड्यावरचा डनलूस किल्ला यादीत असेल तर आधी हातातला व्हिसा तपासून बघा. ते उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनच्या ताब्यातलं. आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) ही नोंद असेल तरच त्यावर तिथे जाता येतं. सीमेवर चौकी नाही, बस सरळ पलीकडे जाते आणि वाटेत कोणी सांगत नाही.

डनामेझला टॅक्सीने उतरलात की त्याच चालकाशी परतीची वेळ ठरवा. दोन तास पुरेसे होतात. आम्ही साडेअकराची ठरवली होती, आणि अकरा पंचविसाला तो चर्चजवळ येऊन उभा होता.